घडणं, उघडणं, बिघडणं

'गाडी बिघडली' हे आपण दिवसातून कितीदा तरी ऐकतो, बोलतो. त्यातल्या 'बिघडणं' या क्रियापदाचं घराणं मोठं आहे. संस्कृतात 'घट्' म्हणजे जुळून येणं, आकाराला येणं. त्यातून मराठीत 'घडणं' आलं, 'घडवणं' आलं, 'घडण' आणि 'घाट' आले. 'उद्' हा उपसर्ग लागून 'उद्घाटन' झालं, त्याचंच बोलीतलं रूप 'उघडणं'. आणि 'वि' लागून 'विघटन' झालं, म्हणजे जुळलेलं सुटं होणं. त्याचं 'बिघडणं' झालं. घडणं, उघडणं, बिघडणं ही सख्खी भावंडं आहेत. जुनी गाडी स्वतःच्या हाताने राखणाऱ्या माणसाला हे नातं कोशात शोधावं लागत नाही. जे घडलेलं आहे तेच बिघडतं, आणि उघडल्याशिवाय बिघाड हाती लागत नाही.

माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट अकराशे 'डिलाइट' म्हणून जी गाडी बनू लागली, तिलाच 1974 पासून पद्मिनी हे नाव मिळालं. पण लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. तिची बरीचशी कामं घरी होतात, कारण बॉनेट वर केलं की आतलं सगळं दिसतं आणि जवळपास सगळ्याला हात पोचतो. त्या कामांत जे शब्द सतत कानावर पडतात आणि तोंडी येतात, त्यांच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. गॅरेजची भाषा म्हणजे मोडकंतोडकं इंग्रजी, असं समजणारे पुष्कळ आहेत. मला ते साफ अमान्य आहे.

आधी 'दुरुस्ती'च घेऊ. फारसी 'दुरुस्त' म्हणजे बरोबर, ठाकठीक, धडधाकट. म्हणून चुकलेलं शुद्धलेखनही दुरुस्त करतात आणि पंक्चरलेली ट्यूबही. 'मरामत' मूळ अरबी, फारसीतून आलेला. जुन्या कागदपत्रांत तो भरपूर सापडतो, आज हिंदीतल्या 'मरम्मत'मुळे कानाला ओळखीचा आहे. मला सगळ्यांत आवडतो तो 'डागडुजी'. 'डागदोजी' हे त्याचं जुनं रूप. त्यातली 'दोजी' म्हणजे फारसीतलं शिवणकाम; 'जरदोजी'त, म्हणजे जरीच्या भरतकामात, तीच आहे. खराब जागा हेरायची आणि तेवढीच शिवून घ्यायची, ती डागडुजी. किल्ल्याच्या तटाची होते, कौलांची होते, गाडीचीही होते. घरी काम करणाऱ्याने डागडुजी आणि दुरुस्ती हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. गळणाऱ्या होजवर पट्टी गुंडाळून घर गाठणं ही डागडुजी. होज बदलून, क्लिप आवळून, पाणी भरून, इंजिन तापवून पुन्हा गळती तपासणं ही दुरुस्ती. दोन्हींना आपापली वेळ असते. गोंधळ होतो तो डागडुजीला दुरुस्ती समजून लांबच्या प्रवासाला निघालं की.

आता घरातलं सगळ्यांत साधं काम, ऑइल बदलणं. इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं म्हणजे ऑइल गरम होऊन पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन उतरतं. मग चावी काढून खिशात टाकायची, गाडीखाली घमेलं सरकवायचं, चेंबरचा नट सैल करायचा. पहिली धार काळी, जोरात, थोडी तिरकी पडते, म्हणून घमेलं बरोबर नटाखाली न ठेवता जरा पुढे ठेवावं लागतं. धार बारीक झाली की तीही मागे येते आणि घमेलंही मागे घ्यावं लागतं. नटाची तांब्याची वायसर बघून घ्यायची. चेपली असेल तर नवी टाकायची. उतरलेल्या ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळायचा. नुसतं काळं असेल तर काळजी नाही, बोटांना कचकच लागली तर आत काहीतरी झिजतंय. मग हात धुवायला बालदी.

या एवढ्याशा कामात चावी, घमेलं आणि बालदी हे तिन्ही शब्द पोर्तुगीज आहेत. 'शावे' म्हणजे किल्ली, ती आपली चावी. 'गामेला' म्हणजे लाकडी पसरट भांडं, ते आपलं घमेलं. 'बाल्दे' ती बालदी. ऑइलचं पिंप हे त्यांचं 'पिपा', दाराची बिजागरी ही 'बिझाग्रा', पाणी खेचणारा 'बोंबा' हा आपला बंब, आणि ज्याच्याकडे शेवटी जावंच लागतं तो मिस्त्री, कोकणातला मेस्त्री, हा 'मेस्त्र', म्हणजे उस्ताद. 1510 मध्ये गोवा आणि 1534 मध्ये वसई घेणाऱ्या पोर्तुगिजांकडे मोटारी नव्हत्या. त्यांच्याकडे जहाजं होती, चर्चची बांधकामं होती, तटबंदी होती. तिथे काम करणाऱ्या इथल्या सुतार-लोहारांनी हे शब्द उचलले, आणि पुढे मोटार आली तेव्हा तिच्यासाठी ते हाताशी तयार होते. खुद्द पोर्तुगिजांनी 'शावे'ला आणखी कामाला लावलं आहे. त्यांच्याकडे पानाही चावीच. सरकता पाना म्हणजे 'इंग्रजी चावी' आणि स्क्रू ड्रायव्हर म्हणजे 'फटीची चावी'. आपण मात्र चावीला फक्त कुलपाशी आणि इग्निशनशी ठेवलं. अस्सल घरची 'किल्ली', जी 'कील'वरून आली, तीही सोडली नाही.

पाना हे हत्यार त्याच्या अंकांनी ओळखलं जातं. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा. एका टोकाला एक माप, दुसऱ्या टोकाला दुसरं, सगळी मिलिमीटरमध्ये. 'बारा-तेराचा दे' म्हटलं की पुढे पाना शब्दही लागत नाही. त्यात फिक्स पाना, रिंग पाना, गोटी पाना. नटावर टोपीसारखी बसणारी ती गोटी. सॉकेटला इतका नेमका शब्द मी दुसरा ऐकलेला नाही. पकडणारी ती पक्कड. 'हत्यार' आणि 'हातोडा' या दोन्हींत 'हात' उघड दिसतो. 'अवजार' फारसीतून आलं. खेळण्यातल्या गोटीपासून फारसी दरबारापर्यंतचे शब्द एकाच लोखंडी पेटीत नांदतात, आणि दसऱ्याला त्या पेटीची पूजाही होते.

'पेच' हा शब्द तर सवडीने बघण्यासारखा. फारसीत 'पेच' म्हणजे पीळ, वळसा. कुस्तीतला डावपेच, पतंगांचा पेच, माणूस पडतो तो पेच, सगळीकडे काहीतरी काहीतरीभोवती वळलेलं आहे. 'शिरपेच' म्हणजे डोक्याभोवती घेतलेला पेच. ज्यात आपण मानाचे तुरे खोवतो तो हाच. लोखंडी दांड्यावर कोरलेला वळसा तो स्क्रूचा पेच, आणि तो फिरवणारा पेचकस. मूळ रूप 'पेचकश', यातलं 'कश' म्हणजे ओढणारा. 'कशिदा'तही तेच ओढणं आहे, धाग्याचं. मराठी कानाला त्यात आपलं 'कसणं', म्हणजे घट्ट आवळणं, ऐकू येतं. 'पेचकस' रूप रुजायला त्याची मदत झाली असावी असं मला वाटतं. जुन्या मराठीत स्क्रूला 'मळसूत्र' होतं. जिन्याच्या बाबतीत ते अजून चालतं, गाडीच्या बाबतीत नाही. पण स्क्रूवरच्या वळ्यांना आपण आजही 'आटे'च म्हणतो. 'आटे गेले' हे दोन शब्द ऐकले की काम करणाऱ्याचा चेहरा उतरतो. पाना फिरतो, नट फिरतो, आणि आवळलं काहीच जात नाही. माणसाच्या डोक्याचेही आटे ढिले होतात, ते इथूनच.

गंजून बसलेला नट सोडवायला रॉकेल लागतं. नटावर रॉकेल सोडून रात्रभर ठेवायचं, सकाळी हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोके द्यायचे, आणि मग पाना लावायचा. पहिल्यांदा जरा आवळायचा, मग सोडायचा. आवळल्याने गंजाची पकड तुटते. हे 'रॉकेल' म्हणजे इंग्रजीतलं 'रॉक ऑइल', खडकातलं तेल. आणि 'पेट्रोलियम' हा शब्द लॅटिनमधल्या 'पेत्रा' म्हणजे खडक आणि 'ओलेउम' म्हणजे तेल यांचा. म्हणजे टाकीतलं पेट्रोल आणि सुटे भाग धुवायचं रॉकेल यांची नावं अर्थाने एकच. रॉकेलचं दुसरं नाव 'घासलेट', ते 'गॅसलाइट'वरून आलं. एकाच द्रवाला एक नाव खडकावरून आणि एक दिव्यावरून, आणि दोन्ही आपण इतकी पचवली की 'घासलेट' ऐकून कुणाला इंग्रजी आठवत नाही.

गाडीच्या भागांच्या नावांत मात्र एक नाव असं आहे की त्याच्या जन्मगावीही ते आता कुणी वापरत नाही. 'स्टेपनी'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींबरोबर जादा चाक नसायचं. टायर फुटला की भर रस्त्यात तो रिमवरून उतरवायचा, ट्यूब काढायची, जोडायची, पुन्हा चढवायची. वेल्समधल्या लॅनेली या गावी डेव्हिस नावाच्या भावांनी 1904 मध्ये यावर तोड काढली. आरे नसलेली, नुसती गोल धाव, तिच्यावर हवा भरलेला टायर. ती फुटलेल्या चाकाच्या बाहेरच्या बाजूला शिकंज्यांनी आवळून टाकायची आणि गाडी पुढे काढायची. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून वस्तूचं नाव 'स्टेपनी स्पेअर व्हील'. पुढे नटांनी सुटणारी अख्खी चाकं आली, जादा चाकही अख्खंच मिळू लागलं, आणि ते वरून आवळायचं कडं अडगळीत गेलं. इंग्रजांनी शब्दही टाकला. आपण तो ठेवला. माल्टात तो आहे, ब्राझीलमध्ये 'इस्तेपी' या रूपात आहे. वेल्सच्या एका गल्लीचं नाव विदर्भातल्या पंक्चरवाल्याच्या पाटीवर दिसतं, याचं मला खरोखर अप्रूप वाटतं. स्टेपनी राहते ती 'डिकी'त. इंग्रजीत 'डिकी' हे जुन्या मोटारींच्या मागच्या, झाकण उघडून बसायच्या आसनाचं नाव होतं. आसन गेलं, झाकण राहिलं, आणि नाव झाकणाखालच्या सामानाच्या जागेला चिकटलं.

'सेल्फ मारणं' हेही तसंच. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने विजेवर इंजिन फिरवणारा स्टार्टर बसवला, तोवर पुढून हँडल मारावं लागे. 'सेल्फ स्टार्टर'मधला स्टार्टर आपण सोडून दिला आणि 'सेल्फ' तेवढा ठेवला. त्याला जोडलेलं 'मारणं' मात्र हँडलच्या काळातलं आहे. हँडल खरंच मारायचं असे. हातात झटका बसे. बटण दाबताना आपण अजून तेच क्रियापद वापरतो.

आणि इथे माझ्या मनातला मुद्दा येतो. भागांची नावं कुठूनही आली, पोर्तुगालमधून, इराणमधून, वेल्समधून. पण गाडी काय करते आणि तिला काय होतंय हे सांगणारी क्रियापदं जवळजवळ सगळी आपली आहेत. ती ढोबळ नाहीत, नेमकी आहेत. जुनी गाडी पेट्रोल 'पिते', पण ऑइल 'खाते'. आता ऑइल कमी होण्याची दोन कारणं असतात. एक, कुठल्या तरी पॅकिंगमधून किंवा सीलमधून बाहेर जातं, तेव्हा ते 'गळतं', आणि गाडी उभी करायच्या जागी डाग पडतो. दुसरं, पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या गाइड झिजून ते आत शिरतं आणि जळतं. जमिनीवर थेंब नाही, मागून निळसर धूर. हे 'खाणं'. 'ऑइल गळतंय की खातेय?' असं मिस्त्री विचारतो तेव्हा तो एका प्रश्नात अर्धं निदान करतो. गळत असेल तर पॅकिंगचं काम, घरी होण्यासारखं. खात असेल तर हेड उतरवावं लागेल.

तसंच 'बसणं'. नवी बेरिंग 'बसवतात', म्हणजे ती आपल्या जागी येते. ऑइलविना तापून पिस्टन अडकला की इंजिन 'बसतं', म्हणजे संपतं. बॅटरी 'उतरते' आणि इंजिन 'उतरवतात'. गिअर 'पडतो' किंवा पडत नाही. पडत नसेल तर आधी क्लच पुरता सुटतोय का ते बघायचं, गिअरबॉक्सकडे मग. ब्रेक 'लागतो' आणि ब्रेक 'चिकटतो' यांत चाकाचा ड्रम हाताला गरम लागण्याएवढा फरक असतो. स्टेअरिंग डावीकडे 'ओढतं', म्हणजे डाव्या टायरमध्ये हवा कमी किंवा डावा ब्रेक चिकटलेला. भाषेच्या वर्गात ही क्रियापदं कुणी शिकवत नाही. ती शिकायची तर गाडीखाली जावं लागतं.

त्याहून श्रीमंत खजिना आवाजांचा. मराठीत ध्वनीवरून शब्द बनवायची सोय किती मोठी आहे हे मला व्याकरणाच्या पुस्तकाने जेवढं पटवलं नाही तेवढं चालू इंजिनाने पटवलं. 'टकटक' हा टॅपेटचा आवाज. हलका, कोरडा, वरून येणारा, ठरलेल्या लयीत. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, त्यामुळे ही टकटक इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या लयीत पडते. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामधली फट फिलर गेजच्या पातीने मोजून ठीक केली की ती थांबते. 'ठकठक' वेगळी. तीच व्यंजनं, फक्त 'ट'चा 'ठ' झाला, आणि आवाज खाली गेला, जड झाला, रेस दिली की वाढू लागला. ही कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगची, आणि ती ऐकून गाडी पुढे न्यायची नसते. 'किणकिण' येते घाटात, चढावर मोठ्या गिअरमध्ये गाडी रेटली की. टायमिंग पुढे गेलेलं असतं, पेट्रोल वेळेआधी पेटत असतं. पाण्याच्या पंपाची बेरिंग 'खरखरते'. सैल पट्टा 'चीं' करतो, ओलाव्यात जास्त. सैल झालेलं काहीही 'खडखडतं'. फ्रंट व्हील ड्राइव्हच्या गाड्यांत, मारुती आठशेमध्ये समजा, स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना येते ती 'कटकट', पुढच्या अ‍ॅक्सलच्या सांध्याची; पद्मिनीचा जोर मागच्या चाकांना, तिथे हा आवाज नाही. फुटलेला सायलेन्सर 'फटफटतो', आणि त्या आवाजावरून तर आपण अख्ख्या मोटारसायकलचं 'फटफटी' असं बारसं केलं.

हे आवाज नीट ऐकायची जुनी युक्ती अशी. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनाच्या एकेका जागी टेकवायचं, पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब राहून, आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. बाकीचा गोंगाट मागे पडतो आणि जिथे टोक आहे तिथलाच आवाज कवटीत उमटतो. जनरेटरवर टेकवलं, स्वच्छ घरघर. पंपावर टेकवलं, खरखर. सापडलं. त्या क्षणी तोंडून जो शब्द निघतो तो कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतो, आणि त्या शब्दावर मिस्त्रीशी फोनवरही बोलता येतं. 'खरखर येतेय' म्हटलं की तो विचारतो, 'सारखी की थांबून थांबून?' ज्याने कधी बॉनेट वर केलं नाही तो माणूस 'काहीतरी आवाज येतोय' एवढंच सांगू शकतो. नव्या गाडीत डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि संगणक आकड्यात बिघाड सांगतो. त्यात सोय आहे, ती मी नाकारत नाही. पण त्या आकड्याबरोबर टकटक, ठकठक आणि किणकिण यांतला फरक सांगणारे कान कमी होत जातील, आणि ते मला मनापासून नको आहे. म्हणून घरातल्या मुलांना मी ऑइल बदलताना शेजारी बसवतो, इंजिन चालू करून आवाज विचारतो.

'वंगण' हा असाच जपायचा शब्द. ग्रीस आणि ऑइल आले त्याच्या कितीतरी आधी बैलगाडीच्या आसाला वंगण घालत. आस म्हणजे संस्कृत 'अक्ष', चाक म्हणजे 'चक्र', आरे म्हणजे 'अर', आणि चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी ती 'धाव'. बैलगाडी दुरुस्त करणाऱ्या सुतार-लोहारांची ही शब्दसंपत्ती मोटारीकडे थोडीच आली. चाक आलं, आरे सायकलपर्यंत आले, आस पाठ्यपुस्तकात राहिला. पाठ्यपुस्तकांनी पिस्टनला 'दट्ट्या' आणि व्हॉल्व्हला 'झडप' असे चांगले शब्द दिले. 'झडप' तर फारच छान, कारण तो भाग खरोखर झडपेसारखा उघडतो, मिटतो. गॅरेजने ते घेतले नाहीत, कारण दुकानात मागताना 'व्हॉल्व्ह'च म्हणावं लागतं. 'वंगण' मात्र दोन्हीकडे टिकलं, कारण ते क्रियेशी बांधलेलं आहे. वंगण 'घालावं' लागतं.

जुन्या गाडीला लोक 'खटारा' म्हणतात. खटारा ही मुळात ओझ्याची साधी गाडी, तिच्यात कमीपणा काहीच नव्हता. गुजरातीत आजही 'खटारो' म्हणजे ट्रक, नवा कोरा असला तरी. आपल्याकडे मात्र तो शब्द खडखडणाऱ्या जुन्या वाहनाची हेटाळणी झाला, आणि त्यात 'खटखट' या आवाजाचाही वाटा असावा. ज्या गाडीचा कुठलाही पत्रा खडखडत नाही, जिचे पॉइंट पॉलिश पेपरने घासलेले आणि जेट फुंकून स्वच्छ केलेले आहेत, तिला केवळ वयावरून खटारा म्हणणं मला पटत नाही.

सगळं करूनही गाडी उठली नाही तर शेवटचा शब्द 'टोचन'. इंग्रजीतली 'टो चेन', ओढायची साखळी. आपण तिचं टोचन केलं आणि साखळीच्या जागी दोर आला तरी नाव तेच ठेवलं. दोन गाड्यांत अंतर पुरेसं ठेवायचं, दोर बंपरला न बांधता चासीच्या हुकाला बांधायचा, झटका न देता पहिल्या गिअरमध्ये दोर ताणून घ्यायचा. मागच्या गाडीतल्याने चावी फिरवून स्टेअरिंग मोकळं आहे हे आधी बघायचं, आणि दोर सैल पडायला लागला की ब्रेक त्यानेच मारायचा, पुढच्याने नाही.